पीसी मध्येच बंद पडतो? मग रिचर्ड हॅमिंग कोण होते ते वाचा

घरचा पीसी चालता चालता अचानक रीस्टार्ट होतो. कधी निळी स्क्रीन येते. कधी पंखा फिरतो, पण डिस्प्लेच येत नाही, नुसतं बीप बीप वाजतं. पुन्हा चालू केला की दोन तास काही होत नाही. कळंबमध्ये मी ओळखीच्यांचे जुने पीसी बघून देतो आणि हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकतो. दर वेळी एरर वेगळी आणि वेळही वेगळी असेल, तर माझा पहिला संशय रॅमवर जातो. रॅममध्ये सगळं शून्य आणि एकच्या रूपात असतं. त्यातला एकच बिट उलटा झाला, शून्याचा एक झाला, तरी चालू प्रोग्राम कोसळू शकतो.

या एका उलट्या बिटाचा पिच्छा पुरवणारा माणूस म्हणजे रिचर्ड हॅमिंग. आज त्यांची गोष्ट सांगतो, आणि शेवटी आपल्या पीसीचं काय करायचं तेही.

व्हायचं होतं इंजिनिअर, झाले गणितज्ञ

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ चा, अमेरिकेतल्या शिकागोचा. त्यांना इंजिनिअर व्हायचं होतं. पण स्कॉलरशिप मिळाली ती शिकागो विद्यापीठाची आणि तिथे इंजिनिअरिंग नव्हतंच. मग गणित घेतलं. १९३७ मध्ये पदवी, १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून पीएचडी.

१९४५ मध्ये ते लॉस अलामोसला गेले. तिथे अणुबॉम्बचं काम चालू होतं. हॅमिंग यांच्याकडे आयबीएमची हिशेबाची मशीनं सांभाळायचं काम होतं. शास्त्रज्ञ समीकरणं द्यायचे, हे मशीनवर आकडे काढून द्यायचे. हिशेबात चूक झाली तर काय होऊ शकतं, हे समजायला याच्याइतकी भीतीदायक जागा दुसरी नसेल.

दोन वीकेंड वाया गेले

१९४६ मध्ये ते बेल लॅब्समध्ये आले. माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन तिथे त्यांचे सहकारी होते. तिथे मॉडेल फाइव्ह नावाचा कॉम्प्युटर होता. त्यात चिप वगैरे काही नाही, हजारो रिले. रिले म्हणजे विजेवर खटकन उघडणारे-मिटणारे स्विच. प्रोग्राम कागदी पट्टीला भोकं पाडून द्यायचे.

या मशीनला एक चांगली सवय होती. हिशेबात गडबड झाली की तिला ते कळायचं. दिवसा ती थांबून दिवे लावायची, मग ऑपरेटर येऊन चूक दुरुस्त करायचा. पण शनिवार-रविवारी ऑपरेटर नसायचे. तेव्हा चूक सापडली की मशीन ते काम सोडून सरळ पुढचं काम घ्यायची.

हॅमिंग यांना मशीन मिळायची ती वीकेंडलाच. १९४७ मध्ये एका सोमवारी ते आले तर त्यांचं काम अर्धवट टाकून दिलेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ते वैतागले, पण नुसते चिडून थांबले नाहीत. त्यांना प्रश्न पडला की मशीनला चूक झाल्याचं कळतं, तर ती नेमकी कुठे झाली तेही कळायला काय हरकत आहे? आणि शून्य-एकच्या जगात जागा कळली की काम झालं. तो बिट उलटा केला की दुरुस्ती पूर्ण!

तीन तपासण्यांत चोर सापडतो

त्यांचा उपाय मला आजही भारी वाटतो. समजा चार बिट माहिती आहे. तिला तीन तपासणीचे बिट जोडायचे. एकूण सात जागा. आता तीन गट करायचे:

• पहिला गट: जागा १, ३, ५, ७
• दुसरा गट: जागा २, ३, ६, ७
• चौथा गट: जागा ४, ५, ६, ७

१, २ आणि ४ या जागांवर तपासणीचे बिट असतात, म्हणून गटांना तीच नावं. प्रत्येक गटात एकांची संख्या सम राहील असे ते बिट भरायचे. नंतर वाचताना तिन्ही गट मोजायचे. समजा पहिला आणि चौथा गट बिघडला, दुसरा ठीक आहे. १ अधिक ४ म्हणजे ५. पाचवा बिट चुकलाय! तो उलटा करा, झालं. हवं तर कागदावर करून बघा, पाच मिनिटं लागतात.

हा शोध त्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. १९६८ मध्ये त्यांना कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७६ नंतर ते कॅलिफोर्नियात माँटेरीला नौदलाच्या कॉलेजात शिकवायला गेले आणि जवळपास शेवटपर्यंत शिकवत राहिले. ७ जानेवारी १९९८ ला ते गेले.

त्यांनी उघडलेल्या वाटेवर पुढे बरेच कोड आले. टपरीवरचा क्यूआर कोड थोडा फाटलेला असला, चहाचा डाग पडलेला असला तरी फोन तो वाचतो ना? त्यात १९६० चा रीड-सॉलोमन कोड असतो. बँकांच्या सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते. ६४ बिटांमागे ८ जादा बिट, एक चूक झाली तर परस्पर दुरुस्त.

आपल्या पीसीचं काय?

गंमत बघा, १९४७ च्या मशीनला स्वतःची चूक कळायची, पण आपल्या घरच्या पीसीच्या साध्या रॅममध्ये बहुतेक वेळा ती सोय नसते. क्रॅश झाला तर निदान कळतं तरी. क्रॅश न होता दुकानाच्या हिशेबातला आकडा किंवा एखादा फोटो गुपचूप बिघडला तर ते जास्त वाईट. म्हणून हे करा:

१. आधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. दुरुस्ती नंतर.

२. स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक शोधून चालवा. एक जरी एरर दिसली तरी दुर्लक्ष करू नका.

३. पीसी बंद करून वायर काढा. धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंनी खट् आवाज येईपर्यंत घट्ट बसवा. डिस्प्ले न येणं आणि बीप वाजणं कित्येकदा एवढ्यानेच थांबतं. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर मात्र उघडू नका.

४. दोन रॅम असतील तर एकेक लावून चालवा. मग स्लॉट बदला. रॅम खराब की स्लॉट, ते कळेल. हॅमिंग यांच्या गटांचीच ही पद्धत आहे: काय ठीक आहे ते बाजूला काढत गेलं की चूक आपोआप उरते.

५. रॅम ठीक निघाली तर उष्णता आणि वीज बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यात पंख्यावर धूळ आणि कमी-जास्त होणारं व्होल्टेज. पंखा साफ करा, एसएमपीएस दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसशी बदलून बघा.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते तारीख-वेळेसकट वहीत लिहा. विंडोज फॉरमॅट मारणं हा शेवटचा उपाय. रॅम खराब असेल तर नवीन विंडोजही तशीच कोसळणार.