विश्लेषण : मूकपटांच्या राणीला बोलपटाने का अडवलं? कोण होत्या रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना?

सुलोचना म्हटलं की मराठी प्रेक्षकांना सुलोचनादीदी आठवतात, नाहीतर लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण. पण या दोघींच्याही आधी हे नाव गाजवलं ते रूबी मायर्स यांनी.

१९०७ मध्ये पुण्यात एका बगदादी ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानी यांनी त्यांना सिनेमात यायला सुचवलं, तेव्हा त्यांनी आधी नकार दिला. चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात जाऊ नये, असा तो काळ. अखेर त्या तयार झाल्या आणि १९२५ मध्ये पडद्यावर आल्या.

पुढे इम्पिरियल कंपनीत त्यांचं नाणं खणखणीत वाजलं. 'टायपिस्ट गर्ल', 'इंदिरा बी.ए.' ही नुसती नावं वाचली तरी कळतं, की नोकरी करणारी, शिकलेली शहरी मुलगी त्यांनी पडद्यावर आणली. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये (१९२७) तर त्यांनी आठ भूमिका केल्या, त्यात माळी आणि पोलीसही होते! महिन्याला ५,००० रुपये पगार, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरपेक्षाही जास्त, असं सांगितलं जातं.

मग घोडं अडलं कुठे?

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला. तोही इम्पिरियलचाच, पण नायिका झाल्या झुबेदा. सुलोचना यांचं हिंदुस्थानी कच्चं होतं. फोनवर बोलण्याची नोकरी केलेल्या मुलीला आवाजानेच अडवावं, हा अजब योगायोग. त्या मात्र गप्प बसल्या नाहीत. भाषा शिकल्या आणि १९३२ मध्ये बोलपट 'माधुरी'तून परतल्या.

त्यांची कारकीर्द समजून घ्यायला 'अनारकली' पुरेशी आहे. १९२८ च्या मूकपटात आणि १९३५ च्या बोलपटात अनारकली त्याच होत्या. १९५३ मध्ये बीना राय अनारकली झाल्या आणि सुलोचना सलीमच्या आईच्या भूमिकेत गेल्या. पुढे छोट्या भूमिकाच उरल्या. 'ज्युली', 'खट्टा मीठा'मध्ये त्या दिसतात.

१९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्या काळातल्या बहुतेक भारतीय मूकपटांच्या प्रिंट नष्ट झाल्या आहेत. त्यामुळे आज यूट्यूबवर त्यांना शोधलं, तर भेटतात त्या उतारवयातल्या सुलोचना.