निःशस्त्र पलटणीचा सेनानी

संचलनाच्या दिवशीं बंदुका, तलवारी व फडकणारीं निशाणें पाहून कोणाचें मन उचंबळत नाहीं? परंतु शस्त्राला तेज येतें तें शिस्तीनें. आणि हातीं शस्त्र नसतांही शिस्त कशी टिकते, हें आपल्या वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांच्या चरित्रांत दिसतें.

त्यांचा जन्म १८८९ सालीं राजपुतान्यांत सीकरजवळ एका खेड्यांत झाला. बालपणींच ते वर्ध्याच्या श्रीमंत बच्छराज शेटजींच्या घराण्यांत दत्तक आले. सरकारनें दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनीं असहकाराच्या काळांत टाकून दिली.

१९२३ सालीं नागपुरांत राष्ट्रीय निशाण घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाण्यास मनाई झाली. तेव्हां जमनालालजींनीं झेंडा सत्याग्रहाचें नेतृत्व पत्करिलें. मे महिन्यापासून स्वयंसेवकांच्या तुकड्या केवळ निशाण घेऊन निघत व पकडल्या जात. एक तुकडी तुरुंगांत गेली कीं दुसरी तिच्या जागीं उभी राही. जमनालालजींना अठरा महिन्यांची कैद व तीन हजार रुपये दंड झाला. दंड त्यांनीं भरला नाहीं, म्हणून त्यांची मोटार जप्त झाली. पण ती विकत घेण्यास नागपुरांत कोणी पुढें येईना. पुढें वल्लभभाई पटेलांनीं धुरा वाहिली. १८ ऑगस्ट रोजीं निशाण त्याच मार्गानें निर्वेध गेलें, व लवकरच कैदी सुटले.

११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वर्ध्यास त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, कवाईतींत पाऊल जुळवितांना ही निःशस्त्र पलटण आठवावी. निशाण उंच राहतें तें दंडाच्या बळानें नव्हे, धरणाऱ्याच्या निश्चयानें.