धर्मसेतू नारायणभट्ट

पितृश्राद्ध हे गृहस्थाचे ऋणमोचन होय. त्यासाठी विद्वानाच्या दारी जावे आणि हात जोडून त्यास क्षण द्यावा, अशी शास्त्राची रीत आहे. त्या वेळी धनवान आणि निर्धन सारखेच याचक ठरतात. अकबराच्या दरबारी ज्यांच्या शब्दास मोठे वजन होते, त्या राजा तोडरमलांनाही पितरांसाठी विद्वानांस पाचारण करावे लागले. त्या आमंत्रितांत काशीचे नारायणभट्ट होते.

भट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. नारायणभट्टांचा जन्म शके १४३५ च्या चैत्रात, म्हणजे इ. स. १५१३ मध्ये झाला. पिता रामेश्वरभट्ट पुढे काशीस येऊन राहिले. त्यांच्याच चरणांपाशी बसून नारायणभट्टांनी शास्त्राध्ययन केले.

तोडरमलांच्या घरी श्राद्धप्रसंगी गौड व मिथिला येथील पंडितही जमले होते. विद्यानिवास हे त्यांचे अग्रणी. तेथे शास्त्रार्थ झाला आणि नारायणभट्टांचा पक्ष विजयी ठरला, असे त्यांचे पुत्र शंकरभट्ट यांनी कुलवृत्तांतात नोंदविले आहे.

परंतु भट्टांची खरी थोरवी या विजयात नाही. त्या काळी विश्वेश्वराचे मंदिर वारंवार भग्न झालेले होते. पितृकार्यासाठी दूरदेशाहून आलेल्या श्रद्धावंतांनी लिंग स्थानी नसता पूजा कोणाची करावी? प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांवरील आपल्या ‘त्रिस्थलीसेतु’ ग्रंथात भट्टांनी निर्णय दिला : त्या जागी दुसरे लिंग स्थापिलेले असेल तर त्याचे पूजन करावे, तेही नसेल तर त्या स्थानासच वंदन व प्रदक्षिणा करावी. मंदिर भंगले म्हणून उपासना भंगू नये, हा त्याचा आशय.

पुढे इ. स. १५८५ च्या सुमारास, तोडरमलांच्या साहाय्याने नारायणभट्टांनी विश्वेश्वराचे भव्य मंदिर पुन्हा उभारले, असे परंपरा सांगते. तेव्हा त्यांचे वय सत्तरीपलीकडे होते. इ. स. १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने तेही पाडले गेले. आजचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधविले.

मग भट्टांचे श्रम व्यर्थ गेले काय? मुळीच नाही. त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ आजही तिथी-श्राद्धाच्या निर्णयास प्रमाण मानला जातो. पणतू गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. दगडांचे मंदिर पडले. कर्तव्याची परंपरा उभी राहिली.

फळ ईश्वराधीन आहे, कर्म मात्र आपल्या हाती आहे. गीतेची ही शिकवण नारायणभट्टांनी आचरून दाखविली. घरी पितरांचे स्मरण करणाऱ्या गृहस्थाने एवढे ध्यानी धरावे : साधने अपुरी असली तरी श्रद्धा अपुरी असू नये.