रंग उतरल्यानंतरचे नारायणराव

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी रंगविलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत. एका चित्रात स्त्रीवेषातील बालगंधर्व आहेत आणि दुसऱ्यात पुरुषवेषातील नारायण श्रीपाद राजहंस. माणूस एकच, परंतु पाहणाऱ्याचे पाऊल पहिल्या चित्रापाशी अधिक रेंगाळते. बालगंधर्वांच्या एकूण आयुष्याचेही असेच झाले. रसिकांनी रंग लावलेल्या चेहऱ्यावर जिवापाड प्रेम केले आणि त्यामागच्या चेहऱ्याकडे पाहायला त्यांना क्वचितच सवड झाली. त्या दोन चेहऱ्यांमध्ये ऐंशी वर्षांजवळ पोहोचलेले एक आयुष्य गेले.

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. बालवयातच त्याच्या गळ्याची कीर्ती पसरली आणि लोकमान्य टिळकांनी त्याचे गाणे ऐकून कौतुकाने दिलेले बालगंधर्व हे नाव जन्मभर त्याला चिकटले. पुढे भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू लाभला. घर मध्यमवर्गीय ब्राह्मणाचे. नाटकात जाणे म्हणजे घराण्याचे नाव घालविणे, असे मानण्याचा तो काळ. तोंडाला रंग लावणे हा वाक्प्रचार तेव्हा कौतुकाने वापरला जात नसे. तरीही कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचा शब्द पडला आणि १९०५ मध्ये नारायण किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. भाऊराव कोल्हटकरांच्या निधनाने मंडळीतील नायिकेची जागा चार वर्षे पोरकी होती. मिरजेत ‘शाकुंतल’ नाटकातील शकुंतला होऊन हा सतरा वर्षांचा मुलगा प्रेक्षकांपुढे उभा राहिला आणि ती जागा भरली.

स्त्रीने रंगभूमीवर येणे प्रतिष्ठित समाजाला मान्य नव्हते. म्हणून पुरुषाने स्त्री होणे हा त्या काळचा रिवाज होता. बालगंधर्वांच्या आधी अनेकांनी स्त्रीपार्ट केले होते. त्यांचे वेगळेपण असे, की प्रेक्षक त्यांना स्त्रीचे सोंग घेतलेला पुरुष म्हणून पाहतच नसत. लुगड्याची निरी, पदर सावरण्याची लकब, मान किंचित कलती ठेवून बोलणे, लाजताना डोळ्यांची होणारी हालचाल या साऱ्यांतून त्यांनी एक स्त्री घडविली. मग आश्चर्य घडले. घरंदाज स्त्रियाच त्या स्त्रीकडे पाहून नटू लागल्या. त्यांच्यासारखे लुगडे नेसणे, त्यांच्यासारखे केस बांधणे, त्यांच्यासारखे दागिने घालणे ही महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांतली रीत होऊन बसली. आपण कशा दिसावे, याचा धडा एका पिढीतील स्त्रियांनी एका पुरुषाकडून घेतला. यात गंमत आहे, तशी खंतही आहे. ज्या रंगमंचावरून हा आदर्श त्यांच्यापुढे ठेवला जात होता, त्या रंगमंचावर स्वतः पाऊल ठेवण्याची मुभा त्यांना नव्हती.

रंगपटातील त्या तासांविषयी विचार केला, तर नटाच्या मनाचा थोडा अदमास येतो. दाढी गुळगुळीत करायची, चेहऱ्यावर रंगाचा लेप द्यायचा, भुवया रेखायच्या, कुंकू लावायचे, टोप चढवायचा, नथ, मोत्यांचे दागिने, गजरे आणि शेवटी शालू. हे सर्व अंगावर चढता चढता नारायणराव मागे सरत आणि दुसरेच कोणी आरशात दिसू लागे. हा केवळ वेषाचा पालट नव्हता. कोणत्याही प्रसंगात, कोणत्याही दुःखात तो आरसा त्यांना उभे राहण्याचे बळ देत असे. याची सर्वांत कठोर कसोटी १२ मार्च १९११ रोजी लागली.

त्या दिवशी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलला असता, तर कोणी दोष दिला नसता. पण ते रंगपटात बसले, चेहऱ्याला रंग लावला आणि भामिनी होऊन रंगमंचावर गेले. प्रेक्षकांना नायकाला हिणवणारी, श्रीमंतीच्या तोऱ्यातील एक मानी तरुणी दिसली. तिच्या आत उभा असलेला बाप कोणालाही दिसला नाही. या घटनेचे वर्णन बहुधा कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून केले जाते आणि ते खरेही आहे. मात्र तिला आणखी एक बाजू आहे. नारायणराव म्हणून त्या दिवशी उभे राहणे त्यांना कदाचित साधले नसते; भामिनी म्हणून साधले. रंगाने दुःख पुसले नाही, काही तासांपुरती त्याच्यावर एक झूल घातली.

भामिनीची कथाही मोठी अर्थपूर्ण आहे. दागिन्यांनी मढलेली ही श्रीमंत मुलगी गरीब सेनापती धैर्यधराचा अव्हेर करते आणि पुढे वनमाला या साध्या मुलीच्या रूपात त्याच्यासमोर जाते. थाटमाट उतरविल्यावर आपले मोल किती उरते, हे तिला पडताळून पाहायचे असते. वनमालेला तिचे उत्तर सुखाचे मिळते. तिची भूमिका करणाऱ्या नटाला मात्र तोच प्रश्न पुढे आयुष्यभर छळणार होता.

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी उभारली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले आणि त्यांची रुक्मिणी भास्करबुवांच्या चालींवर गाऊ लागली. हा वैभवाचा काळ. अस्सल भरजरी शालू, उंची अत्तरे, भव्य पडदे, तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. खर्चाचा हात सैल आणि हिशेबाची आवड शून्य. भागीदार यथावकाश बाहेर पडले आणि मंडळीचा सारा भार एकट्या त्या मुखवट्यावर आला.

या दिमाखाच्या ऐन भरात त्यांनी एक धाडस केले. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये बडोद्यात रंगभूमीवर आले. त्यातील सिंधू ही दारुड्या नवऱ्याची बायको. पुढच्या अंकांत तिच्या अंगावर दागिना नाही, शालू नाही. फाटके, ठिगळे लावलेले लुगडे आणि दळण दळणारे हात. ज्या प्रेक्षकाने भरजरी रुक्मिणीसाठी तिकीट काढले होते, त्याच्यापुढे बालगंधर्व असे आले. देखणेपण हीच ज्याची मिरास, त्याने देखणेपणाची सामग्रीच बाजूला ठेवली. प्रेक्षागृहांत हुंदके ऐकू येऊ लागले. आपली ताकद जरीच्या काठात साठविलेली नाही, याचा याहून चोख पुरावा त्यांना आयुष्यात मिळाला नसेल. पण तो त्यांनी मनोमन स्वीकारला का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. कारण सिंधूचे फाटके लुगडे उतरल्यावर पुन्हा शालूच आला आणि शालूबरोबर कर्जही वाढत गेले.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. केशवरावांनीही बालपणी ‘शारदा’ गाजवली होती; वय वाढताच ते पुरुष भूमिकांकडे वळले आणि तेथेही त्यांनी नाव मिळविले. आपल्या मंगेशीचे मास्टर दीनानाथ स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही वेषांत वावरले. बालगंधर्वांना हे वळण घेता आले नाही. घेऊ दिले गेले नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. त्याच सुमारास मंडळी कर्जात बुडाली. मदतीचे हात पुढे आले, तरी दान न घेता प्रयोग करून त्यांनी पुढील काही वर्षांत कर्ज फेडले. कर्ज फेडायचे ते भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू यांनी. नारायणरावांच्या नावावर बाजारात काहीच पत नव्हती.

तिकडे काळ पालटत होता. शरीर स्थूल झाले, चेहऱ्यावर वय उतरले. १९३३ मध्ये मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात गोव्यातील बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे सहजपणे रंगमंचावर उभ्या राहिल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी, हे आता कोणाला पटवून देण्याची गरज उरली नव्हती. बोलपटाने कॅमेरा आणला. पंचवीस हातांवरून दिसणारी रुक्मिणी आणि पडद्यावर हातभर अंतरावर आलेला चेहरा यांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

प्रभात कंपनीच्या आणि व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ या १९३५ मधील चित्रपटात बालगंधर्व संत एकनाथ झाले. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते, ते सेन्सॉरमुळे बदलावे लागले. त्याच्या नायकाची अडचण मात्र नाव बदलून सुटण्यासारखी नव्हती. पुरुषाच्या वेषात, पुरुष म्हणून, कोट्यवधींनी कधी न पाहिलेल्या आपल्या चेहऱ्यासह त्यांना उभे राहायचे होते. नाथांचा सोशिकपणा त्यांच्या स्वभावाशी जुळणारा होता. तरीही त्यांचे मन तेथे रमले नाही. प्रभातशी ठरलेले पुढचे चित्रपट झाले नाहीत आणि ते पुन्हा रंगपटातील आरशासमोर येऊन बसले. पन्नाशी उलटल्यावरही त्यांनी स्त्रीवेष घेतला. काहींना तो करुण वाटला, काहींनी टवाळी केली. डोळे मिटून गाणे ऐकणारे निष्ठावंत प्रेक्षकही होतेच. त्यांच्या लेखी गळ्याला वय नव्हते.

याच काळात गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगीच्या या गायिका, अमीरबाई कर्नाटकींच्या भगिनी. बालगंधर्वांची गायकी त्यांनी दुरून ऐकून आत्मसात केली होती. त्या मंडळीत नायिकेच्या भूमिका करू लागल्या. जी स्त्री आजवर एका पुरुषाने उभी केली, ती साकारायला आता खरोखरीची स्त्री आली होती. पण तिला मापदंड लावला गेला तो बालगंधर्वांच्या रूपाचा. गोहरबाईंच्या दिसण्यावर, धर्मावर, हेतूंवर बोट ठेवले गेले. मंडळीच्या पडत्या काळाचे खापर त्यांच्या माथी फोडणे रसिकांना सोयीचे वाटले. त्या आरोपांत थोडेफार तथ्य असेल वा नसेल, एक गोष्ट निर्विवाद आहे. रंग लावलेल्या बालगंधर्वांसाठी जीव टाकणारे हजारो होते. रंग उतरलेल्या, कर्जबाजारी, थकलेल्या नारायणरावांशी संसार मांडणारी ती एक होती.

अखेरच्या वर्षांत पायांतील बळ गेले. चालणे, उभे राहणे, पदर सावरत वळणे हे सारे संपले. भूमिका नाहीत म्हणजे रंगही नाही. उरले ते बसून म्हणायचे अभंग. एका जागी बसलेला वृद्ध गृहस्थ डोळे मिटून गात असे आणि समोरचे लोक ऐकत असत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या आणि श्रोत्यांच्या मध्ये नथ नव्हती, शालू नव्हता, सफेदा नव्हता. मायबाप मानलेला प्रेक्षक आता मूठभर उरला असेल, पण तो चेहऱ्यासाठी आलेला नव्हता. सिंधूच्या फाटक्या लुगड्याने जे १९१९ मध्ये सुचविले होते, ते या गादीवर पुरते सिद्ध झाले. सुरांना वेष लागत नाही.

१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये पद्मभूषण आले आणि त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्वांनी डोळे मिटले. पुढच्याच वर्षी, त्यांच्या जन्मदिनी, २६ जूनला, पुण्यातील रंगमंदिर त्यांच्या नावाने उघडले.

२०११ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्यातील वेषभूषा आणि रंगभूषा या दोहोंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. हे उचितच झाले, कारण त्या कथेत रंगभूषा हे एक पात्रच आहे. आजही कोणी मुलगी आरशासमोर उभी राहून, रंग न लावता बाहेर पडण्याचा धीर होत नाही म्हणते; कोणी मुलगा आवडीने काजळ घालतो आणि घरात वाद पेटतो. तेव्हा बालगंधर्वांची आठवण ठेवावी. त्यांनी रंगाला कधी कमी लेखले नाही. त्याच रंगाने त्यांना लेकीच्या मृत्यूच्या दिवशी तोलून धरले. परंतु तो रंग त्यांच्याकडून इतका मागत गेला, की नारायणराव म्हणून जगण्यास त्यांच्यापाशी फार थोडे दिवस उरले. रंगमंदिरात जाणे झाले, तर त्या दुसऱ्या चित्रापुढेही घडीभर थांबावे. त्या गृहस्थाचे देणे अजून फिटलेले नाही.