रेव्ह. डॉ. जॉन विल्सन : विद्यादान व धर्मशिक्षण



नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर, ज्याला जुनी माणसे अजून वाढोणा म्हणतात, तेथील एखाद्या ख्रिस्ती घरात सायंप्रार्थनेच्या वेळी जावे, तर एक नवे दृश्य दृष्टीस पडते. बापाने पवित्र शास्त्र उघडलेले असते, आई दिव्याची वात नीट करीत असते, आणि कोपऱ्यात घरची कन्या मोबाईल पुढे धरून दूर शहरातील प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकत असते. घरी राहून पदवीचा अभ्यास करण्याची सोय नाशिक येथील मुक्त विद्यापीठाने १९८९ सालापासून केलीच होती. २०१७ साली केंद्र सरकारने ‘स्वयम्’ नावाने मोबाईलवरील पाठ सुरू केले. आणि २०२० साली महामारीमुळे महाविद्यालयांना कुलुपे लागली, तेव्हा सर्वच वर्ग घराघरांत येऊन बसले. साथ ओसरली, पण ही रीत राहिली.

अशा वेळी पुष्कळ आईबापांच्या मनात एक काळजी उभी राहते. आमच्या लेकरांना एवढी विद्या मिळते, पण तिच्यात देवाचे नाव नाही. मग त्यांना धर्म कोणी शिकवावा? हा प्रश्न नवा नाही. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हाही तो उभा राहिला होता. आणि त्या विद्यापीठाच्या पहिल्या कार्यकर्त्यांत एक मिशनरी होता. त्या रेव्ह. डॉ. जॉन विल्सन यांचे चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

विल्सनसाहेबांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंड देशातील लॉडर या गावी शेतकरी घराण्यात झाला. मुलाची बुद्धी तीव्र व स्वभाव गंभीर होता. लहान वयातच तो एडिंबरो येथील विद्यापीठात दाखल झाला. मधल्या काळात त्याने शाळामास्तरकी केली, एका पाळकाच्या मुलांना घरी राहून शिकविले, आणि शिकवता शिकवता स्वतःचे शिक्षण पुरे केले. १८२८ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी मार्गारेट बेन या सुशिक्षित व भक्तिमान स्त्रीशी त्यांचा विवाह झाला, आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये हे जोडपे मुंबई बंदरात उतरले.

त्यांचे पहिले काम उपदेश करण्याचे नव्हते, तर शिकण्याचे होते. ते कोकणात हर्णै व बाणकोट येथील मिशन ठाण्यांत जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी मराठी भाषेचा अभ्यास केला. ज्या लोकांस शिकवावयाचे त्यांची भाषा प्रथम आपण शिकावी, हा नियम त्यांनी जन्मभर पाळला. पुढे त्यांनी गुजराती, हिंदुस्थानी, संस्कृत व फारसी याही भाषा आत्मसात केल्या. इंग्रजीचे महत्त्व ते जाणत होते. पण मातृभाषेची वाट सोडून मनुष्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचता येत नाही, अशी त्यांची खात्री होती.

त्याच वर्षी ते मुंबईस परतले. मार्गारेटबाईंनी मराठी शिकून मुलींच्या शाळा काढल्या. मुलीच्या हाती पाटी देणे हे त्या काळी हास्यास्पद व काहींस पापही वाटत असे. बाईंनी घरोघर जाऊन, आयांची समजूत घालून, एकेक मुलगी आणून बसविली. १८३५ च्या एप्रिल महिन्यात त्या प्रभूकडे गेल्या. मुंबईस येऊन त्यांस अवघी सहा वर्षे झाली होती. त्यांच्या बहिणींनी पुढे स्कॉटलंडहून येऊन ते काम हाती घेतले.

विल्सनसाहेबांनी १८३२ साली गिरगावातील अंब्रोली येथे इंग्रजी शाळा सुरू केली. तीच वाढत वाढत आजचे विल्सन कॉलेज झाले. तेथे गणित, इतिहास, भूगोल व सृष्टिज्ञान शिकवीत, आणि त्याबरोबर पवित्र शास्त्राचा पाठही असे. हे छपवून केलेले नव्हते. ही मिशनची शाळा आहे हे आईबापांस ठाऊक असे, आणि तरीही विद्येच्या ओढीने हिंदू व पारशी घरची मुले तेथे येत.

त्याच सुमारास ते देशभर फिरले. नाशिक, गोवे, गुजरात, काठेवाड येथे ते गेले. आपल्या मराठवाड्यात जालना व वेरूळ येथपर्यंतही ते आले. गावोगावच्या शास्त्र्यांशी त्यांचे वादविवाद झाले. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मोरभट दांडेकर यांच्याशी १८३१ साली झालेल्या वादानंतर त्यांनी हिंदू धर्माच्या खंडनाची जी पुस्तके लिहिली, त्यांची भाषा कठोर होती. आज आपण शेजाऱ्यांमध्ये राहतो, त्यांच्या सुखदुःखास जातो. तसली भाषा आपल्या तोंडी शोभणार नाही. संतपुरुषाचेही सगळेच अनुकरणीय नसते.

परंतु शेजाऱ्यांची विद्या व प्राचीन वस्तू यांविषयी त्यांच्या ठायी मोठा आदर होता. १८३५ साली ते गिरनार पर्वताच्या पायथ्याशी गेले असता तेथील मोठ्या शिळेवरचे लेख त्यांनी पाहिले. ती लिपी त्या वेळी कोणासही वाचता येत नव्हती. पुढे त्यांच्या खटपटीने कॅप्टन लँग यांजकडून त्या लेखांचे ठसे घेण्यात आले आणि ते कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप या विद्वानाकडे रवाना झाले. प्रिन्सेप यांनी गिरनार डोळ्यांनी पाहिला नव्हता. कलकत्त्यात बसून, दुरून आलेल्या कागदांवरून व कापडावरून, त्यांनी १८३७-३८ च्या सुमारास ती अक्षरे उलगडली, आणि अशोक राजाच्या आज्ञा दोन हजार वर्षांनंतर पुन्हा वाचता आल्या. तेव्हा दूर अंतरावरून आलेली विद्या ही खोटी किंवा हलकी विद्या होय, असे कोणी समजू नये. पुढे १८४८ साली लेण्यांची पाहणी करण्यासाठी मुंबईस जे मंडळ नेमले गेले, त्याचे अध्यक्षही विल्सनसाहेबच होते.

आता त्यांच्या कसोटीचा प्रसंग ऐका. १८३९ च्या मे महिन्यात त्यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. सारे मुंबई शहर खवळले. विल्सनसाहेबांवर न्यायालयात दावा झाला, आणि मुलाने स्वतःच्या इच्छेने कोठे राहावे हे त्यानेच ठरवावे, असा निकाल मिळाला. पण न्यायालयाने जे दिले, ते शाळेने गमावले. पालकांनी भराभर मुले काढून नेली. गजबजलेल्या खोल्यांत मूठभर विद्यार्थी उरले. दहा वर्षांच्या श्रमाचे फळ काही दिवसांत हातचे गेले.

पवित्र शास्त्राचा पाठ बंद केला असता, तर मुले परत आली असती. विल्सनसाहेबांनी तो बंद केला नाही. आणि मुले परत आणण्यासाठी कोणावर दबावही आणला नाही. ते उरलेल्या मुलांस पूर्वीच्याच निष्ठेने शिकवीत राहिले. हळूहळू बाके पुन्हा भरली. धनजीभाई पुढे स्कॉटलंडास जाऊन शिकले, १८४६ साली पाळक झाले, आणि त्यांनी दीर्घकाळ मंडळीची सेवा केली.

दुसरा प्रसंग याहून कठीण होता. १८४३ साली विल्सनसाहेब स्वदेशी जात असता मागे मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनमध्ये येऊन राहिला होता, पण तो अज्ञान होता. न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. मग त्यास जातीत परत घ्यावे की नाही यावरून मोठे वादळ झाले. बाळशास्त्री जांभेकरांसारख्या थोर गृहस्थांनी त्याचा पक्ष घेतला, तरी जातीने मन उघडले नाही. त्या बालकाचे व त्याच्या आईबापांचे जे हाल झाले, ते आठवून आपले डोळे ओले झाले पाहिजेत. धर्मशिक्षण म्हणजे पुस्तकातील एक धडा नव्हे. त्याचा आघात सबंध घरावर होतो. म्हणून ते देणाऱ्याने बापाचे मन धरून, आईचे दुःख ओळखून द्यावे.

त्याच वर्षी स्कॉटलंडातील मंडळीत फूट पडली. विल्सनसाहेब फ्री चर्चकडे गेले, आणि शाळेच्या इमारतीवर त्यांस व त्यांच्या सोबत्यांस पाणी सोडावे लागले. नवी जागा शोधून शाळा पुन्हा मांडली गेली. इमारत गेली, पण शिक्षक व शिष्य एकत्र राहिले, म्हणून शाळा राहिली.

आता विद्यापीठाची हकिगत. १८५४ साली विलायतेहून जो शिक्षणविषयक खलिता आला, त्यात मिशनच्या शाळांस लौकिक शिक्षणाबद्दल सरकारी मदत देण्याचे ठरले, मात्र सरकारी शाळांत धर्मशिक्षण नसावे असेही ठरले. १८५७ च्या जुलै महिन्यात मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. ते विद्यापीठ आरंभी स्वतः शिकवीत नसे. शिकविण्याचे काम निरनिराळ्या कॉलेजांचे, आणि परीक्षा घेण्याचे काम विद्यापीठाचे. परीक्षेत कोणाचा धर्म विचारला जात नसे.

एखाद्या उतावळ्या मनुष्याने म्हटले असते की, ज्या विद्यामंदिरात ख्रिस्ताचे नाव नाही, तेथे माझे काय काम? विल्सनसाहेबांनी तसे म्हटले नाही. ते विद्यापीठाचे फेलो झाले, परीक्षक झाले, आणि १८६८ साली कुलगुरूही झाले. हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती उमेदवारांचे कागद त्यांनी एकाच मापाने तपासले. कुलगुरू या नात्याने त्यांनी विद्यापीठाकडे धर्म मागितला नाही. आणि मिशनरी या नात्याने स्वतःच्या कॉलेजातला शास्त्रपाठ सोडला नाही. विद्यापीठाचे काम विद्यापीठाने करावे, मंडळीचे काम मंडळीने करावे, आणि एकाने दुसऱ्याच्या अंगावर आपले ओझे टाकू नये, ही शिकवण त्यांच्या आचरणातून मिळते.

त्यांच्या घरी नाना देशांचे विद्यार्थी असत. आफ्रिकेचा प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन १८६४ साली मुंबईस आला, तेव्हा त्याने चुमा व विकटानी ही दोन आफ्रिकन मुले विल्सनसाहेबांच्या हवाली केली. त्यांपैकी चुमा पुढे लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेला, आणि १८७३ साली धनी रानात मरण पावला, तेव्हा सोबत्यांसह त्याचे शव महिनोन्महिने वाहून समुद्रकिनारी घेऊन आला. त्या निष्ठेची परीक्षा कोणत्याही विद्यापीठात होत नाही.

विल्सनसाहेब १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच निवर्तले. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ते या देशात आले होते. त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या मोजली, तर ती फार मोठी भरणार नाही. पण बी कोठे उगवते ते पाहा. बाबा पदमनजी हे त्यांच्याच मिशनच्या मुंबईतील शाळेत शिकले. त्यांचा बाप्तिस्मा शाळेत नव्हे, तर १८५४ साली बेळगावास झाला, आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया त्यांनी घातला. नारायण शेषाद्री पाळक होऊन आपल्या मराठवाड्यात जालन्यास आले. तेथे त्यांनी दलित बांधवांमध्ये काम केले आणि बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. मुंबईच्या एका वर्गात पेरलेले दाणे असे निजामाच्या मुलखात येऊन पिकले.

वाचकहो, यातून आपण काय घ्यावे? भारताच्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि इतर मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थांत ते विद्यार्थ्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून त्याच्यावर लादता येत नाही. श्रीपतची हकिगत ज्याने वाचली, त्यास या नियमातील शहाणपण कळेल. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आपल्या लेकरांस पदवी देईल. तारण व प्रार्थना शिकविणे हे त्याचे काम नव्हे. तसेच मोबाईलवरील पाठ वाईट म्हणून ते हिसकावून घेऊ नका. गिरनारचे अक्षर कलकत्त्यास वाचले गेले, हे विसरू नका.

पण हेही विसरू नका की, धनजीभाईस जे मिळाले ते पत्राने मिळाले नाही. त्याच्या शेजारी बसणारा, त्याच्यासाठी न्यायालयात उभा राहणारा, रिकाम्या बाकांपुढेही शिकवीत राहणारा एक मनुष्य त्याला लाभला होता. विद्या दुरून येते. विश्वास जवळच्या माणसाकडून येतो. म्हणून उपदेशक बंधूंनो, आठवड्यातून एक सायंकाळ गावातील कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवा. त्यांनी काय ऐकले ते आधी त्यांस विचारा. न समजले तर, मला समजत नाही, असे म्हणण्यास लाजू नका. मग शास्त्र उघडा, आणि त्यांच्या शंका रागावल्याशिवाय ऐका. आईबापांनो, कन्येचे व्याख्यान संपेपर्यंत थोडे थांबा, आणि मग तिच्यासह गुडघे टेका. दोन्ही गोष्टी एकाच दिव्याच्या उजेडात होऊ शकतात.

प्रभू आपणा सर्वांस तशी सहनशीलता व तशी निष्ठा देवो. आमेन.