ध्रुवीय सागराचे मर्म जाणणारा नान्सेन

फ्रित्यॉफ नान्सेन हे नाव जगाला प्रामुख्याने दोन कारणांनी परिचित आहे. उत्तर ध्रुवाच्या दिशेने तोवर कोणीही गेले नव्हते इतक्या दूर पोहोचलेला साहसी नॉर्वेजियन प्रवासी ही त्यांची एक ओळख. पहिल्या महायुद्धानंतर देशोधडीला लागलेल्या लाखो माणसांना आधार देऊन १९२२ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळविणारा मुत्सद्दी ही दुसरी. या दोन्हींच्या तेजात त्यांचे सागरशास्त्रातील कार्य काहीसे झाकोळले गेले. ध्रुवीय समुद्राचे पाणी कसे फिरते, याच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत नान्सेन अग्रणी होते. सागरी जीवसृष्टीचे पोषण आणि कार्बनची साठवण ही दोन्ही कार्ये बऱ्याच अंशी याच अभिसरणाच्या आधारे चालतात.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिश्चानिया म्हणजेच आजच्या ऑस्लोजवळ झाला. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र निवडले. १८८२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सीलची शिकार करणाऱ्या जहाजावरून त्यांनी ग्रीनलंडचा समुद्र प्रथम पाहिला. पुढे बर्गेनच्या संग्रहालयात काम करताना मज्जासंस्थेवर संशोधन करून १८८८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी पाच साथीदारांसह त्यांनी स्कीवरून ग्रीनलंडचे हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेकडे पार केले.

याच सुमारास एका वेगळ्या घटनेने त्यांचे लक्ष वेधले होते. ‘जीनेट’ हे अमेरिकी जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडले गेले. त्याचे अवशेष तीन वर्षांनी थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. याचा अर्थ बर्फ ध्रुवीय समुद्र ओलांडून वाहत असला पाहिजे. मग एखादे भक्कम जहाज मुद्दाम बर्फात गोठवून घेतले, तर तेही वाहत जाईल, असे नान्सेन यांचे गणित होते. अनेक जाणत्या प्रवाशांनी ही कल्पना वेडेपणाची ठरविली. तरीही कॉलिन आर्चर यांनी गोलसर बुडाचे ‘फ्राम’ हे जहाज बांधले आणि जून १८९३ मध्ये ते निघाले. सप्टेंबरमध्ये ते बर्फात अडकले. मार्च १८९५ मध्ये नान्सेन योहान्सेन या सहकाऱ्यासह जहाज सोडून ध्रुवाकडे निघाले आणि ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. परतीच्या वाटेवर फ्रान्झ जोसेफ लँडमधील एका झोपडीत त्यांनी हिवाळा काढला. ऑगस्ट १८९६ मध्ये ‘फ्राम’ही सुखरूप मोकळे झाले.

ध्रुव हाती लागला नाही, परंतु मोजमापांची शिदोरी मोठी होती. ध्रुवीय समुद्र उथळ असावा, असा तोवर समज होता. प्रत्यक्षात ओळंब्याची दोरी अपुरी पडू लागली, तेव्हा खलाशांनी जहाजावरील पोलादी दोर उसवून नवी दोरी वळली. खोली तीन हजार मीटरहून अधिक भरली. थंड व कमी खारट पृष्ठभागाखाली अटलांटिकचे तुलनेने उबदार पाणी पसरलेले असल्याचेही आढळले.

आणखी एक निरीक्षण पुढे फार दूरगामी ठरले. बर्फ वाऱ्याच्या सरळ दिशेने न वाहता २० ते ४० अंश उजवीकडे सरकत होता. हा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम असल्याचे नान्सेन यांनी ओळखले. त्यांच्या विनंतीवरून विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी हा प्रश्न वाल्फ्रिड एकमन या विद्यार्थ्याकडे सोपविला. एकमन यांनी तो गणिताने सोडविला. वाऱ्यामुळे पृष्ठभागालगतच्या थरातील पाण्याचे एकूण वहन उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे, तर दक्षिण गोलार्धात डावीकडे काटकोनात होते, असे त्यातून सिद्ध झाले.

नान्सेन यांनी अचूक मोजणीसाठी उपकरणांवरही मेहनत घेतली. खोल पाण्याचा नमुना बंद करून वर आणणारी ‘नान्सेन बाटली’ कित्येक दशके जगभर वापरात होती. १९०१ मध्ये रोआल्ड आमुंडसेन यांनी घेतलेल्या नोंदी अभ्यासून १९०६ मध्ये त्यांनी दाखविले, की ग्रीनलंडच्या समुद्रात हिवाळ्यात पृष्ठभागाचे पाणी गार व जड होऊन तळाकडे जाते.

या बुडणाऱ्या पाण्याचे महत्त्व पुढील संशोधनाने उलगडले. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो. पाणी बुडते तेव्हा हा वायूही त्याच्याबरोबर शेकडो वर्षांसाठी खोल जातो. मृत प्लवकांचे अवशेषही खाली झिरपतात आणि त्यांच्या विघटनातून नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषक द्रव्ये खोल पाण्यात साचतात. ती पुन्हा वर आली नाहीत, तर उन्हाच्या थरातील जीवसृष्टी उपाशी राहील. अंटार्क्टिकाभोवतीचे पश्चिमी वारे एकमन यांच्या नियमानुसार पृष्ठजल उत्तरेकडे ढकलतात आणि त्याची जागा घेण्यास खोल पाणी वर येते. दक्षिण महासागरातून उत्तरेकडे जाणारी ही पोषक द्रव्ये ३० अंश दक्षिणेच्या उत्तरेकडील सागरी जैविक उत्पादनाच्या सुमारे तीन चतुर्थांश भागाला आधार देतात, असे २००४ मधील एका अभ्यासात दिसून आले. वर येणारे पाणी काही जुना कार्बन हवेत सोडते, तर पुन्हा बुडणारे पाणी नवा कार्बन खाली नेते. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा महासागर शोषून घेतात, त्यात दक्षिण महासागराचा वाटा फार मोठा आहे.

नान्सेन यांचे उत्तरायुष्य मात्र समुद्रापासून दूर गेले. १९२० पासून राष्ट्रसंघासाठी त्यांनी चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना मायदेशी पोहोचविले. रशियातील दुष्काळग्रस्तांसाठी ते झटले आणि निर्वासितांसाठी ‘नान्सेन पारपत्र’ सुरू केले. तरीही ध्रुवाची ओढ सुटली नव्हती. वायुनौकेतून आर्क्टिकच्या पाहणीची योजना त्यांच्या पुढाकाराने आखली जात होती. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले आणि ती मोहीम त्यांच्या पश्चात, १९३१ मध्ये पार पडली.

नान्सेन यांनी नोंदलेले थर आता बदलत आहेत. आर्क्टिकच्या पूर्व भागात उबदार अटलांटिक पाणी पृष्ठभागाच्या अधिक जवळ येत असल्याचे संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. दक्षिणेकडील पश्चिमी वारेही गेल्या काही दशकांत बळावले आहेत. स्वालबार्डच्या सागरी खाडीत भारताने २०१४ मध्ये बसविलेली निरीक्षण यंत्रणा अटलांटिक व आर्क्टिक पाण्याच्या याच भेटीवर नजर ठेवण्यासाठी होती. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा त्यात सहभाग होता. समुद्र आणखी किती कार्बन सामावून घेईल, हे सांगण्यासाठी आजही तापमान, क्षारता आणि प्रवाह यांच्या तशाच चिकाटीच्या नोंदी लागतात. बर्फात रुतलेल्या ‘फ्राम’वर तीन हिवाळे त्याच नोंदी घेतल्या गेल्या होत्या.