यंत्राची नाडी पाहणारा माणूस

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओपीडीतले वायफाय दिवसातून चार-पाचदा जाऊ लागले. नोंदणी आता संगणकावर, त्यामुळे ते गेले की कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून सकाळची एसटी नाहीतर मिनीडोर पकडून आलेली माणसे रांगेत ताटकळत उभी. शेवटी दुरुस्तीला एक मुलगा आला. त्याने लॅपटॉपवर काळा पडदा उघडला, ‘वेवमॉन’ असा एकच शब्द टाइप केला आणि आकडे हलू लागले. उणे 52, उणे 60, उणे 81. आयसीयूतल्या मॉनिटरसारखेच. हा आकडा डीबीएम या मापात असतो. तो दहाने खाली गेला की सिग्नलची शक्ती एक दशांश उरते, म्हणजे उणे 50 वरून उणे 80 झाला तर हजारावा हिस्सा. लॅपटॉप हातात धरून तो मुलगा खोल्याखोल्यांतून फिरला आणि दोषी सापडला: राउटर व नोंदणीची खिडकी यांच्यामध्ये ठेवलेले, जुन्या केसपेपरांनी भरलेले लोखंडी कपाट.

मला जगदीशचंद्र बोस आठवले. बिनतारी लहरींचा असाच माग काढणारा हा माणूस खरे तर डॉक्टर व्हायला निघाला होता.

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, पूर्व बंगालमधला. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेत घातले. कोळ्यांच्या मुलांशेजारी बसून तो शिकला. कोलकात्याच्या सेंट झेवियर्समधून पदवी घेऊन 1880 मध्ये ते लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. पण अंगात ताप मुरलेला होता. तो काळाआजार असावा असे मानले जाते. त्या आजारावर तेव्हा औषध नव्हते. शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने प्रकृती आणखी बिघडे. वर्षभरात त्यांनी वैद्यक सोडले आणि केंब्रिजला विज्ञान शिकायला गेले. पुढे 1887 मध्ये ज्यांच्याशी लग्न झाले त्या अबलादेवीही मद्रासला डॉक्टरकी शिकत होत्या आणि त्यांनाही आजारपणामुळेच ती सोडावी लागली होती. घरात दोन डॉक्टर व्हायचे, एकही झाला नाही.

1885 मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. हिंदी प्राध्यापकाला इंग्रजापेक्षा कमी पगार, हंगामी असेल तर त्याहून कमी. बोस यांनी काम चोख केले, पगार मात्र तीन वर्षे घेतला नाही. अखेर सरकारने पूर्ण पगार मागील थकबाकीसह दिला. प्रयोगशाळा अशी नव्हतीच. एका लहानशा खोलीत स्थानिक कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणे बनवली. त्यांच्या लहरींची लांबी सुमारे 5 मिलिमीटर होती. आपल्या वायफायच्या एका पट्ट्यात ती साडेबारा सेंटिमीटर असते. लहरी गाळायला त्यांनी काय वापरले? ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक! पानांमध्ये कथिलाचे पातळ पत्रे घातले की काम झाले. आम्हा कर्जतकरांना वेळापत्रकाचा एवढा चांगला उपयोग कधी सुचला नाही.

1895 च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तारेविना दूरच्या खोलीतली घंटा वाजवून दाखवली, दारूही उडवली. लहरी वाटेत बसलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून आरपार गेल्या, असे सांगतात. मला ते पटत नाही. शरीरात पाणी भरपूर. इतक्या आखूड लहरी कातडीतच शोषल्या जातात. त्या भिंतींवरून परतून बाजूने पोचल्या असाव्यात. वायफायने अपाय होतो का, असे रुग्ण विचारतात, त्यांनाही मी हेच समजावतो. या लहरींचे काही शोषण होते, त्याने झालीच तर अत्यल्प ऊब होते; क्ष-किरणांप्रमाणे पेशीतला डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते.

खरी गोष्ट पुढे आहे. लहरी ओळखायला बोस बारीक पोलादी स्प्रिंगा एकमेकींना टेकवून ठेवत आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा पाहत. बराच वेळ वापरले की हे यंत्र मंद होई. थोडी विश्रांती दिली की पुन्हा तल्लख. दुसऱ्या कोणी यंत्र बदलले असते. बोस यांनी त्या मंदपणाचा आलेख काढला आणि तो थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखा दिसला. मग त्यांनी कथिलाची तार, झाडाचे पान, बेडकाचा स्नायू एकामागोमाग तपासले. विषारी रसायन लावले की धातूचाही प्रतिसाद थांबे. 1901 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हे मांडल्यावर नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्डन-सँडरसन यांनी कडाडून विरोध केला. निबंध छापला गेला नाही.

धातू थकतो म्हणून तो जिवंत ठरत नाही. तिथे बोस यांनी साम्य फार ताणले, असे माझे मत. वनस्पतींमध्ये विद्युत संदेश वाहतात, हे मात्र आज मान्य आहे. लाजाळूच्या पानाला बोट लावून पाहावे. झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफही त्यांचाच.

लहरी पकडणाऱ्या गॅलिना स्फटिकाचे अमेरिकन पेटंट त्यांना 1904 मध्ये मिळाले, तेही भगिनी निवेदितांसारख्या स्नेह्यांच्या आग्रहामुळे. त्यातून पैसा करावा असे त्यांना वाटले नाही. 1917 मध्ये त्यांनी बोस संस्था उभारली. 1920 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. त्याच वर्षी त्यांचे चरित्र निघाले, लेखक पॅट्रिक गेडिस, मुंबई विद्यापीठातले प्राध्यापक.

उतारवयात मधुमेह आणि रक्तदाबाने त्यांना गाठले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. एकोणऐंशी पूर्ण व्हायला आठवडा उरला होता.

आमचे कपाट चार वॉर्डबॉयनी मिळून मागच्या भिंतीला सरकवले. खिडकीजवळचा आकडा उणे 58 वर आला.